धड्यांचं भांडार आणि हरवलेल्या तिसऱ्यो

रेश्मा कुबलचा फोन खाडीत पडला, तिथपासून सांगायला हवं. तो पडला नसता तर माझ्या नोकरीची शेवटची वर्षं पुस्तकांना पुठ्ठे घालण्यात सुखानं गेली असती.

रेश्मा आमच्या संस्थेच्या मालवणजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. माहेरची आणि सासरचीही माणसं दर्यावर जाणारी, त्यामुळे तिचे धडे वर्गापेक्षा किनाऱ्यावर जास्त. टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा बाकीचे शिक्षक घरात भिंतीला फळा टेकवून शिकवत होते आणि ही बया फोन घेऊन कांदळवनात शिरत होती. ओहोटीला खडपावर, म्हणजे उघड्या पडलेल्या खडकांवर, बसून ती मुलांना शिंपले उलगडून दाखवायची. मागे लाटांचा आवाज, मध्येच कोणीतरी ‘काय गो, काय करतंस?’ म्हणून हाक मारलेली, तेही त्यात यायचं. मुलांना ते फार आवडायचं.

एकदा होडीतून बगळे टिपताना फोन तिच्या हातून निसटला. होडीवाल्या काकांनी बुडी मारून तो वर काढला, उन्हात सुकवला, तांदळात पुरला. फोन काही बोलला नाही.

“बाई, सगळा गेला,” दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून ती मला म्हणाली. “माझो अख्खो वर्ग त्या फोनात होतो.”

“अगो, पण तू मुलांना पाठवलेलं असशील ना?”

“मुलांचे फोन भरले, तशी त्यांनी पुसून टाकल्यानी.”

काही धडे इकडून तिकडून गोळा झाले. एक मात्र परत मिळाला नाही. रापण ओढतानाचा धडा होता तो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायची रीत. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, मध्ये दोर, आणि रेश्मा त्यांच्यातल्याच एका आजोबांना विचारतेय की भरती कशी ओळखता. त्या मंडळींनी पुढे रापण विकून टाकली. तो धडा आता कोणालाच पुन्हा करता येणार नाही. त्याची चुटपुट मला अजून आहे, आणि पुढे मी जो हट्ट धरला तो बऱ्याच अंशी त्या चुटपुटीतून आला.

मी संस्थेच्या महाविद्यालयात ग्रंथपाल होते. कार्डांच्या लाकडी खणांपासून सुरुवात केली आणि मग ग्रंथालय संगणकावर आणताना नाइलाजानं संगणक शिकले. नाइलाजाचं पुढे प्रेमात रूपांतर झालं, पण हे मी घरी कबूल केलेलं नाही. त्यामुळे शाळा पुन्हा उघडल्यावर संस्थेनं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ उभं करायचं ठरवलं, तेव्हा अध्यक्ष अण्णा सावंतांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवलं. “पेडणेकर बाई बगतीत.”

आमच्या शाळा विखुरलेल्या. काही किनाऱ्याला, एक इन्सुलीला हमरस्त्यालगत, एक वैभववाडीला, आणि एक छोटीशी फोंडाघाट गावाच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत. एका शाळेत चांगला शिक्षक असला तर त्याचा धडा दुसऱ्या शाळेला मिळावा, एवढीच साधी कल्पना.

आता बाहेरच्या माणसाला या कामातली एक गोष्ट समजून घ्यावी लागते. ऑनलाइन व्यासपीठ म्हणजे वर्ग. तिथे मुलं येतात, हजेरी लागते, गृहपाठ होतो. पण प्रत्येक शाळेत वर्गांच्या मागे एक खोली असते, जिथे नकाशे, तक्ते, तो हाडांचा सापळा आणि कागदी ज्वालामुखी ठेवलेले असतात. शिक्षक तिथून हवं ते घेतो, तास झाला की परत ठेवतो. आमच्या ऑनलाइन शाळेला अशी खोली हवी होती. तिला आम्ही भांडार म्हणत होतो. त्यात धडे नुसते टाकायचे नसतात. कोणाचा, कोणत्या इयत्तेचा, कोणत्या भाषेतला, कोणी कसा वापरायचा, हे सगळं त्यावर चिकटवून ठेवायचं असतं, नाहीतर भांडाराची अडगळ व्हायला फार दिवस लागत नाहीत. वर्ग बदलता येतो. भांडार एकदा चुकलं की सगळ्यांचे कष्ट त्यात अडकतात.

अण्णांना हा फरक पटवायला मला बराच घाम गाळावा लागला. अण्णा काजूच्या व्यापारातले. शाळेवर जीव, मुलांवर त्याहून जास्त, आणि चकचकीत वस्तूंवरही थोडासा. त्यांना कोणीतरी एका कंपनीचा माणूस भेटवला होता. तो आला, टाय बांधून, ऐन उन्हाळ्यात. त्यानं पडद्यावर आमच्या संस्थेचं बोधचिन्ह गरगर फिरवून दाखवलं. अण्णा खुर्चीत पुढे सरकले. कबूल करते, मलाही ते बोधचिन्ह इतकं देखणं कधी वाटलं नव्हतं.

सगळं झाल्यावर मी विचारलं, “समजा, काही वर्षांनी आम्हाला दुसरीकडे जायचं झालं. तर आमचे धडे, त्यांच्या सगळ्या नोंदींसकट, आम्हाला परत कसे मिळतील?”

तो प्रसन्न हसला. “मॅडम, पण जायचंच कशाला?”

हेच मी पुन्हा दोनदा वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर, तेच हसू.

तो गेल्यावर अण्णा म्हणाले, “बाये, तू त्येका कित्याक छळलंस? बरो झील होतो.”

“अण्णा, मुलगा चांगलाच आहे. पण आपला माल त्याच्या गोदामात ठेवायचा आणि चावी त्याच्याकडे. तुम्ही काजू असे ठेवाल?”

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला. मग म्हणाले, “मगे तुझा काय म्हणणा?”

माझं म्हणणं होतं की मुक्त स्रोतातलं भांडार घ्यावं. म्हणजे ज्याची कृती झाकलेली नाही असा प्रोग्रॅम. मसाल्याचा पुडा दुकानातून आणला तर आत काय आहे ते पुडावाल्यालाच ठाऊक, आणि तिखट कमी-जास्त करा म्हणून त्याला सांगायची सोय नाही. मुक्त स्रोतात कृती सगळ्यांना दिलेली असते. आपण घरी कांडावा, हवा तसा बदलावा, शेजाऱ्यालाही द्यावा. हे फुकट असतं असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं. कांडायला हात लागतात. ते हात माझे असणार होते.

अण्णांनी अट घातली. “माका बोलान सांगू नको, दाखव. चतुर्थीच्या आदी कमिटी बसतली. थंयसर तुझा भांडार उघडायचा आणि माका होयो तो धडो माजा मीच सोदतलंय. गावलो तर तुझा, नाय तर त्या झिलाचा.”

मग मी कामाला लागले. शोधता शोधता तीन प्रोग्रॅम उरले. त्यांची परदेशी नावं शिक्षकांच्या जिभेवर बसेनात, म्हणून आम्ही त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणायला लागलो.

थोरल्याच्या मी पाहताक्षणी प्रेमात पडले. मोठमोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी तो बनवलेला. प्रत्येक वस्तूसाठी इतके रकाने की कुठल्याही ग्रंथपालाचे डोळे पाणावावेत. मी तो महाविद्यालयाच्या संगणकावर चढवला आणि मोठ्या अभिमानानं शिक्षकांना बोलावलं. रेश्मा आली, वैभववाडीचे दोघं आले, आणि घाटाच्या पायथ्याच्या शाळेचे गुरव सर आले. गुरव सर त्या शाळेचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि वेळ पडली तर शिपाईसुद्धा. कमी बोलणारा, ताठ बसणारा माणूस.

प्रत्येकानं आपला एक धडा भरायचा होता. सगळे खाली माना घालून बसले. परीक्षेला बसतात तसे. थोड्या वेळानं रेश्मानं मान वर केली.

“बाई, ‘प्रकाशक’ म्हणून काय लिवायचा?”

“तुझा धडा कोणी प्रसिद्ध केला ते.”

तिनं विचार केला आणि लिहिलं, ‘खाडी’.

गुरव सरांनी ‘भौगोलिक व्याप्ती’ या रकान्यात लिहिलं होतं, ‘आमची वाडी आणि पलीकडचा माळ.’ वैभववाडीच्या सरांनी ‘हक्कधारक’ पुढे बायकोचं नाव घातलं. विचारलं तर म्हणाले, “घरात सगळे हक्क तिचेच आहेत.” आम्ही इतके हसलो की बाजूच्या वर्गातून कोणीतरी बघायला आलं. त्या हसण्यातच मला कळून चुकलं की थोरला आपला नव्हे. हा प्रोग्रॅम माझ्यासाठी होता, त्यांच्यासाठी नव्हता, आणि भांडार त्यांना भरायचं होतं. जड मनानं मी तो काढून टाकला. अजूनही कधी आठवण येते त्याची.

मधला दिसायला सुंदर. चित्रांच्या प्रदर्शनासारखी मांडणी, रकाने मोजके. शिक्षक खूश. मी तोच निवडणार होते. पण अशी निवड करताना एक सवय मी लावून घेतली आहे. प्रोग्रॅम कसा दिसतो हे बघून झालं की त्याच्या वापरणाऱ्यांची चर्चेची जागा वाचायची. मुक्त स्रोताला दुकान नसतं, दुकानदार नसतो. अडलं तर जगभरातले वापरणारेच एकमेकांना मदत करतात. मधल्याच्या चर्चेत लोक प्रश्न विचारत होते. एकानं विचारलेलं, कोणी आहे का? त्याच्याखाली दुसऱ्यानं विचारलेलं, कोणी आहे का? उत्तर कोणीच दिलेलं नव्हतं. शेवटची दुरुस्ती फार जुनी. मुंबईकरांनी कुलूप लावून ठेवलेल्या घरासारखं वाटलं मला, रंग ताजा पण चूल थंड.

राहिला धाकटा. दिसायला अगदीच साधा. पण रकाने आपण ठरवावे तेवढेच. आत घातलेलं सगळं एका आज्ञेसरशी जसंच्या तसं बाहेर काढता येत होतं. ऑनलाइन वर्गाशी त्याची सहज जोडणी होत होती. मशीनही लहानसं पुरत होतं. आणि चर्चेत गजबज. कोणी भांडतंय, कोणी समजूत घालतंय, कोणाला नातू झाला म्हणून चार दिवस उत्तर देणार नाही असं कळवतंय. मी रकाने पाचावर आणले. शिक्षकांनी धडे भरायला सुरुवात केली. रेश्मानं तर झपाटल्यासारखे भरले. प्रत्येक जिवाला तिनं पुस्तकी नाव दिलं आणि त्याखाली आमचं मालवणी नावही घातलं. मुलं काही ‘द्विपुट मृदुकाय’ म्हणून शोधणार नाहीत, ती तिसऱ्यो म्हणूनच शोधणार. खाडीच्या वाळूत मिळणारे ते शिंपले, त्यांचं सुकं केलं की ताट चाटून पुसून साफ होतं.

कमिटीच्या बैठकीआधी मी अण्णांच्या घरी रंगीत तालीम ठेवली. त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, खुर्च्या मांडल्या, बाजूला काजूची पोती. रेश्माही आली होती. अण्णांनी स्वतःचा फोन काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एका बोटानं एकेक अक्षर दाबत लिहिलं: तिसऱ्यो.

पडद्यावर आलं, ‘काहीही सापडलं नाही.’

“गावनत नाय,” अण्णा म्हणाले.

“गावतल्यो, अण्णा. मी सवता घातलंय,” रेश्मा म्हणाली. तिनं माझ्या लॅपटॉपवर तोच शब्द लिहिला. धडा लगेच समोर आला. अण्णांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा काही नाही. दोन्ही पडदे शेजारी शेजारी धरले. तोच शब्द, तीच अक्षरं, काना-मात्रेचाही फरक नाही.

“म्हणजे तुझ्या भांडारात रेश्माक तिसऱ्यो गावतत आणि माका गावनत नाय,” अण्णा पोती बघत म्हणाले. “काय वाकडा केलंय मी त्याचा?”

अण्णांची बायको, आमच्या काकी, आतून चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, “बाजारात गेलास तरी तुमका गावनत नाय त्यो.” सगळे हसले, मी मात्र दिवस मोजत होते. बैठक तोंडावर आलेली आणि अण्णा तिथेही हाच शब्द लिहिणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

घरी येऊन मी स्वतःच्या फोनवर शब्दामागून शब्द घालून बघितले. खुबे सापडले. कुर्ल्यो, म्हणजे खेकडे, सापडल्या. बांगडो सापडला. ‘वाऱ्याची दिशा’ सापडेना. ‘दऱ्याखोऱ्या’ सापडेनात. ‘किनाऱ्यावरचे पक्षी’ सापडेनात. मी कागदावर न सापडणारे शब्द एकाखाली एक लिहिले आणि हसूच फुटलं. सगळ्यांत तो आपला अर्धा र बसला होता, चंद्रकोरीसारखा.

हे थोडं सांगते, कारण मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या संगणकात ही गंमत दडलेली आहे. हे जोडाक्षर दोन रीतींनी टंकता येतं. एका रीतीत संगणक एक वेगळाच र घेतो. दुसऱ्या रीतीत नेहमीचाच र घेऊन मध्ये एक न दिसणारी खूण घालतो. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. संगणकाला मात्र ते दोन परके शब्द वाटतात. रेश्मानं शाळेच्या जुन्या संगणकावर धडे भरले होते, माझ्या लॅपटॉपचा कळफलकही त्याच घराण्यातला. फोन दुसऱ्या घराण्यातले. मुलं शोधणार फोनवरूनच. म्हणजे किनाऱ्यावरचे पक्षी, वाऱ्याची दिशा, दऱ्या हे सगळं भांडारात असूनही मुलांना कधीच मिळालं नसतं, आणि त्यांना वाटलं असतं की ते नाहीच.

मी धाकट्याच्या चर्चेत माझ्या ग्रंथपाली इंग्रजीत सगळं लिहून टाकलं. उत्तर आलं ते मार्ता नावाच्या बाईंकडून. दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदराच्या गावात त्या राहतात, आणि शोधाचा भाग त्या सांभाळतात. देवनागरीतलं एक अक्षरही त्यांना येत नव्हतं. त्यांनी मला ते शब्द दोन्ही रीतींनी लिहून पाठवायला सांगितलं. मी पाठवले. मग त्यांनी विचारलं, हा पहिला शब्द कशाचं नाव आहे? मी सांगितलं, खाडीतले शिंपले, खोबऱ्यात घालून खातो. त्यांचं उत्तर आलं, आम्ही लसणात घालून खातो, आणि नवऱ्याला आज तेच करायला सांगितलं आहे.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न फसला. तिसऱ्यो सापडू लागल्या, पण ‘सूर्य’, त्यातल्या रफारामुळे, नाहीसा झाला. मी तसं कळवलं. मार्ताबाईंनी लिहिलं, सूर्य घालवणं परवडणार नाही, थोडा वेळ द्या. आमची पत्रं अशी येत-जात राहिली. त्यांची सकाळ म्हणजे माझी संध्याकाळ. मी देवाकडे दिवा लावून संगणकापाशी बसायचे. आयुष्यभर मी पुस्तकांच्या कपाटांमध्ये एकटीनं काम केलं होतं. चुकलं तरी माझं, जमलं तरी माझं. आणि आता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाची, कधी न पाहिलेली बाई माझ्या भाषेतल्या एका अर्ध्या अक्षरासाठी डोकं खाजवत होती, का, तर कोणीतरी विचारलं म्हणून. मला त्या दिवसांत फार हलकं, फार तरुण वाटायचं.

दुसरी दुरुस्ती बैठकीच्या आदल्या दिवशी आली. तिसऱ्यो होत्या, सूर्य होता, वाऱ्याची दिशा होती.

बैठकीला तो टायवाला मुलगाही आला होता. अण्णांनीच बोलावलं होतं, व्यापारी माणूस, दोन्ही माल समोरासमोर बघायचे. आधी त्याला संधी दिली. बोधचिन्ह पुन्हा गरगर फिरलं. अण्णांनी त्याला रेश्माचा ‘तिसऱ्यो’चा धडा त्याच्या प्रोग्रॅममध्ये घालायला लावला आणि मग आपल्या फोनवर शोधलं.

“नाय गावत,” अण्णा शांतपणे म्हणाले.

“सर, हा फॉन्टचा मुद्दा असेल. आम्ही वरती कळवतो. पुढच्या आवृत्तीत बघता येईल.”

“पुढची आवृत्ती कधी?”

“ते आमच्या हातात नसतं, सर.” बिचारा खरं बोलला. मला त्याच क्षणी तो आवडला.

मग अण्णांनी आमचं भांडार उघडलं. एका बोटानं, एकेक अक्षर. सगळी कमिटी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. रेश्मानं माझा हात घट्ट धरला होता, तिची नखं रुतत होती. अण्णांनी शेवटचं अक्षर दाबलं.

“गावल्यो!” ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाहेरचा शिपाई आत आला. “गावल्यो गो बाये!” आणि लगेच भान येऊन, ऑफिसातल्या मराठीत, घसा साफ करून, “म्हणजे, सदर धडा उपलब्ध झालेला आहे.”

ठराव तिथल्या तिथे झाला. जाताना त्या मुलानं मला बाजूला घेऊन विचारलं, “मॅडम, तुम्ही ते दुरुस्त कसं केलंत?” मी सगळं सांगितलं, चर्चेचा पत्ताही दिला. लपवण्यासारखं काय होतं?

पण एक माणूस त्या बैठकीत हसला नव्हता. गुरव सर. सगळे पांगल्यावर ते माझ्याकडे आले.

“बाई, चांगलं झालं. पण आमच्याकडे रेंजच नाही. फोंडाघाटच्या बाजारात उतरल्याशिवाय फोन लागत नाही. हे सगळं खालच्या मुलांसाठी आहे. आमची मुलं नेहमीसारखी राहिली.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. घरी येताना एसटीत मी तेच घोकत होते. आणि मग माझं मलाच सुचलं की अगं, कृती आपल्याकडे आहे. एकाच भांडारावर अडून कशाला बसायचं? दुसरं करावं. कोणाला विचारायचं नव्हतं, कोणाची परवानगी लागत नव्हती. मी एक छोटा संगणक घेतला, जेवणाच्या डब्याएवढा, त्यावर अख्खं भांडार उतरवलं, आणि सर बाजाराला आले तेव्हा त्यांच्या पिशवीत ठेवला. वाडीत तो चालू केला की शाळेपुरती रेंज त्याचीच. बाहेरचं जग नाही, पण सगळे धडे आहेत. सर बाजाराला उतरले की डबा घेऊन यायचे, नवे धडे भरून न्यायचे.

पहिल्या खेपेनंतर ते परत आले तेव्हा जरा अस्वस्थ दिसले.

“काय झालं, सर? चालत नाही का?”

“चालतंय. पोरांनी पहिल्यांदा काय शोधलं माहीत आहे? आपल्या वाडीचं नाव. काहीच आलं नाही. मला विचारतात, सर, आपलो एकव धडो नाय?”

“मग?”

“मग म्हटलं, करा की.” आणि त्यांनी पिशवीतून डबा काढून माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू बघितलं.

आत एक धडा होता. वहाळातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, कुर्ल्यो कशा पकडायच्या. सहावीतली एक मुलगी, साक्षी तिचं नाव, गुडघाभर पाण्यात उभी राहून धोंडा कुठल्या बाजूनं उचलायचा ते सांगत होती. चित्र हलत होतं, पाण्याचा खळखळाट तिच्या आवाजावर चढत होता, मध्येच कोणाला तरी कुर्ली चावली आणि सगळे खिदळले, तेही त्यात होतं. नर-मादी ओळखायची खूण तिनं पोटाकडून इतकी स्वच्छ दाखवली की मी तो भाग दोनदा बघितला. पिल्लं असलेली मादी परत सोडायची, हे ती बोट रोखून बजावत होती. पाचही रकाने मुलांनीच भरले होते.

रेश्मानं तो धडा मालवणात आपल्या वर्गाला दाखवला आणि वर्गात भांडण पेटलं. ह्यो कसल्यो कुर्ल्यो, केवढ्याश्यो, आमच्या खाडीतल्यो बघा म्हणावं. उलट निरोप गेला, खाडीतल्या कुर्ल्यो आळशी, वहाळात धरून दाखवा. निरोप डब्यातून जायचे नि यायचे. भांडाराचा असा उपयोग कुठल्याही चर्चेत कोणी सांगितलेला नव्हता. शेवटी अण्णा म्हणाले, हे असं मिटायचं नाही, आणि त्यांनी गाडी काढून दिली.

दसऱ्यानंतरची गोष्ट. भात कापणीला आलेलं, वहाळाला अजून चांगलं पाणी. मी तेव्हा निवृत्त झाले होते, पण रेश्मानं मला गाडीत ओढलं. पिशवीत लॅपटॉप घेतला होता. म्हटलं, दोन शाळांची मुलं एकत्र येतायत, भांडार नीट समजावून सांगू, नवे धडे कसे भरायचे ते दाखवू. गुरव सरांनी वर्गात पडदासुद्धा टांगून ठेवला होता.

गाडी थांबली. दर्याकडची मुलं उतरली, डोंगराकडची शाळेच्या पायरीवर उभी होती. मग साक्षी पुढे आली आणि म्हणाली, “कुर्ल्यो बगूच्यो आसत ना? मगे चला.”

आणि सगळी पळाली. दप्तरं, डबे, पाण्याच्या बाटल्या पायरीवर टाकून. रेश्माही पळाली, ओढणी कमरेला बांधून. गुरव सर आणि मी मागून पोचलो तेव्हा अख्खा वहाळ मुलांनी भरला होता. साक्षी धोंडा उचलून दाखवत होती, आणि खाडीकडचा एक दांडगा मुलगा बोट चावून घेऊन ओरडत होता, “गे आये! ह्यो आळशी नाय गो!” कोणीतरी मासे पकडायची आपली रीत दाखवायला लागलं. कोण कोणाला शिकवतंय ते सांगणं कठीण होतं.

मी काठावरच्या खडकावर बसले. खांद्याला लॅपटॉपची पिशवी तशीच. सरांनी विचारलं, “बाई, पडदा टांगलेला आहे. बोलावू का त्यांना वर्गात?”

मी म्हटलं, “नको, सर. राहू द्या.”

त्या दिवशी भांडार कोणी उघडलंच नाही. निघायच्या वेळेला मुलं गाडीत बसायला तयार नव्हती, हाका मारून मारून रेश्माचा घसा बसला. माझ्या साऱ्या नोकरीत माझं काम इतकं बिनगरजेचं कधी ठरलं नव्हतं, आणि इतकं चांगलंही कधी ठरलं नव्हतं. मी पिशवी सरांच्या हातात दिली, साडी वर खोचली आणि वहाळात उतरले.